उघडून ठेवलेली गाडी

जुनी मोटारसायकल पुन्हा उभी करणं म्हणजे काळाला मागे फिरवणं होय. हे वाक्य मी एकदा एका समारंभात, गळ्यात हार असताना म्हटलं होतं आणि त्याला टाळ्याही पडल्या होत्या. ज्या गाडीच्या जोरावर मी ते बोललो, तिच्या मागच्या चाकाचा एक नट घरी आल्यावर फिरवायला बसलो. तो फिरला नाही. काळाचं मग विचारूच नका.

समारंभ मोठ्या शहरात होता. जुन्या गाड्या बाळगणाऱ्या हौशी लोकांचा मेळावा. माझी गाडी मी आदिलाबादहून टेम्पोत घालून नेली होती. इतरांच्या गाड्याही बहुतेक टेम्पोतूनच उतरत होत्या, पण ते मैदानाच्या मागच्या बाजूला चाललं होतं आणि त्याविषयी कोणी बोलत नव्हतं. अध्यक्षांनी पांढरे हातमोजे घातले होते. दिवसभरात त्यांनी ते काढले नाहीत आणि दिवसभरात ते मळलेही नाहीत. भाषणात 'वारसा' हा शब्द इतक्यांदा आला की शेवटी शेवटी तो एखाद्या स्पेअर पार्टचं नाव असावा असं वाटू लागलं. मला एक ढाल मिळाली. ती आमच्या घरी सध्या पत्र्याच्या शेडचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावलेली असते. तिला तेवढं वजन आहे.

त्या शेडमध्ये दोन गाड्या आहेत. दोन्ही एकाच जातीच्या. लहान, रानवाटेच्या, परदेशातून आलेल्या. सायलेन्सर वर, सीटच्या पातळीला, म्हणजे ओढ्यात गाडी घातली तरी पाणी शिरत नाही. टायरांना जाड खुट्या. पुढे आणि मागे सामान बांधायला लोखंडी जाळी. एकटा माणूस उचलून बांधावरून पलीकडे ठेवू शकेल इतपत वजन. मी शाळेत होतो तेव्हा हिवताप निर्मूलनाच्या कुठल्याशा परदेशी मदतीतून या गाड्या लाकडी खोक्यांतून आमच्याच जिल्ह्यातल्या उटनूरला आल्या. फवारणीवाले त्यांच्यावरून पाड्यापाड्यांत फिरले. पुढे योजना, योजना संपतात तशी, एक ग्रुप फोटो काढून संपली. गाड्या आवारात उभ्या राहिल्या, त्यांच्यावर वेल चढले, आणि मी कॉलेजात जाईपर्यंत त्यांचा लिलाव झाला.

माझे वडील तेव्हा त्या भागात गिरदावर होते. गिरदावर म्हणजे महसूल खात्यातला तो माणूस, ज्याला शेतात प्रत्यक्ष जाऊन पीक, बांध आणि भांडण या तिन्ही गोष्टी डोळ्यांनी पाहाव्या लागतात. त्यांनी लिलावात एक गाडी घेतली. जंगलातल्या गावांमध्ये तिचं नाव लगेच पडलं: बकरी. कुठंही चढते आणि सतत ओरडते म्हणून. बाबांनीही ते नाव मान्य केलं. पुढच्या जाळीवर नकाशांचा बस्ता आणि मोजणीची साखळी, मागच्या जाळीवर कधी कोहळा, कधी मोहाच्या फुलांचं गाठोडं, एकदा तर एक जखमी मोर. संध्याकाळी ते आले की आई त्यांचा शर्ट धुवायला घेण्याआधी एकदा नाकाशी नेई. पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणारी गाडी, त्यामुळे निळा धूर कपड्यांत भरून राही. धुराचा वास किती दाट आहे यावरून माणूस किती लांब जाऊन आला ते आईला कळत असे. त्यावर ती पोळ्या किती करायच्या ते ठरवी.

दुसरी गाडी माझी. ती मला पुष्कळ वर्षांनी उटनूरच्या पलीकडे एका गोठ्यात सापडली. हँडलवर कोंबड्या बसत होत्या आणि सीट त्यांनी पूर्ण आपलीशी केली होती. मी इथल्या कॉलेजात इतिहास शिकवतो. गाडी घरी आणली तेव्हा बायको ओट्यावर उभी होती. तिनं गाडीकडं पाहिलं, सीटकडं पाहिलं आणि म्हणाली, "वर्गात पुरत नाई म्हून घरी आणला का इतिहास?" त्या गाडीला चालू करायला मला काही वर्षं लागली. समारंभात जिचा गौरव झाला ती हीच.

बाबांच्या बकरीचा असा गौरव कधी झाला नाही, कारण ती रोज चालत होती. निवृत्तीनंतरही भाजीबाजार, पेन्शनरांचा चहा, बँक, सगळं तिच्यावरूनच. रंग मूळचा कोणता हे कोणाला सांगता आलं नसतं. एका बाजूचा पायठेवा सळईचा होता, उटनूरच्या लोहारानं जोडलेला. अध्यक्षांनी पाहिली असती तर हातमोजे असूनही लांबच राहिले असते.

मग बाबांचं वय सत्त्याहत्तर झालं आणि गेल्या वर्षी ते फाटकाशी पडले.

पडले म्हणजे वेगानं नाही. नळाच्या पाइपासाठी खणलेली चारी नीट बुजवलेली नव्हती. गाडी उभी होती, इंजिन चालू होतं. बाबांनी टेकवायला पाय खाली सोडला आणि जमीन त्यांच्या अंदाजापेक्षा थोडी खाली निघाली. त्या थोड्यातच ते गाडीसकट आडवे झाले, फार सावकाश, जसं एखादं मोठं झाड आधी विचार करून पडतं. शेजाऱ्यांनी उचललं. कुठं मोडलं नव्हतं. बाबा म्हणाले, "बंडी घसरली." गाडीला आमच्याकडं तेलुगूसारखंच बंडी म्हणतात. बंडी घसरली नव्हती, ती कोरड्या जमिनीवर होती. पण सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन आठवड्यांनी भाजीबाजारात ते वांग्यांच्या हातगाडीवर टेकले. तिथंही बंडीच घसरली.

त्या दुपारी आई शेडमध्ये आली. ती शेडमध्ये येत नाही, तिला तिथला वास आवडत नाही. शर्टातला चालत असे.

"बाप्पा, त्याह्यची बंडी बंद कर."

"मी कसं सांगू त्यांना?"

"सांगू नोको. सांगून आयकणारा माणूस हाय का तो? उघडून ठेव."

"काय उघडून ठेवू?"

"बंडीच. तू उघडून ठेवतं न अशा. हे बी ठेव."

"उघडली की पुन्हा जोडावी लागते, आई."

"लागू दे न. तुह्या हातचं कोणतं काम आजपर्यंत लवकर झालं?"

हे तिनं टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. ती माझ्या एका गुणावर विसंबत होती, पहिल्यांदाच.

इथं आमच्या घराची एक रीत सांगायला हवी. बाबा ज्या कचेरीत वाढले, तिथं निजामाच्या काळापासूनचे शब्द अजून वापरात होते आणि त्यांतला एक फार उपयोगाचा होता: जेर-ए-तजवीज. म्हणजे विचार चालू आहे. आलेल्या माणसाला नाही म्हणणं उद्धटपणाचं. त्याला बसवायचं, चहा द्यायचा, आणि कागद जेर-ए-तजवीज आहे असं सांगायचं. माणूस समाधानानं उठे. काम होणार नाही हे त्याला वेशीपर्यंत कळे, पण तोवर राग यायची वेळ गेलेली असे. ही रीत बाबांनी कचेरीतून घरी आणली. आमच्या घरात कोणाला कशालाच नकार मिळाला नाही. धाकट्या आत्याला सांगून आलेलं एक स्थळ, माझ्या माहितीप्रमाणे, अजून विचाराधीन आहे. आत्याला दुसऱ्या घरी नातवंडं झाली.

तर या रीतीच्या माणसाला मी सांगायला गेलो की बाबा, बकरीचं पूर्ण काम करून घेऊ, इंजिन उतरवू, सगळं मूळचं करू.

बाबांनी पेपर खाली ठेवला. 

"कधीपर्यंत होईन?"

"होईल की."

"होईन," ते म्हणाले. आयुष्यभर टेबलाच्या पलीकडून हाच शब्द म्हटलेल्या माणसानं तो अलीकडून ऐकला तर त्याचा जसा आवाज होईल, तसा त्यांचा आवाज झाला. मग त्यांनी चावी दिली.

मी बकरी उघडली. टाकी उतरवून चिंचेच्या पाण्यानं भरून ठेवली, आतला गंज सुटावा म्हणून. चाकं काढली, सांगाडा दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवला. इंजिन उतरवून त्याचे भाग आईच्या जुन्या लुगड्यावर मांडले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर बाबा खुर्ची घेऊन शेडमध्ये आले आणि त्यानंतर रोज येऊ लागले. रॉकेलच्या परातीत एकेक भाग बुडवून ते फडक्यानं पुसत. पुसता पुसता त्या भागाचा पूर्ववृत्तांत सांगत. हा पोचा डोंगरावरून गडगडलेल्या दगडाचा. ही वाकडी तार, एका बाईनं काठी घातली होती, बांध सरकवला असा तिचा समज होता. "समज बरोबर होता तिचा," बाबा म्हणाले. "पन म्या नव्हता सरकवला. तिच्या दिरानं."

मी वेळ काढत होतो. सिलिंडर कामाला दिला आणि आणायला गेलो नाही. पिस्टनच्या रिंगा मिळत नाहीत म्हणालो. रिंगा मिळाल्या तेव्हा ऑइल सील मिळत नाही म्हणालो. प्रत्येक वेळी बाबा म्हणत, "बरं." खरं तर याच 'बरं'वर मला शंका यायला हवी होती. नकाशात उत्तरेचा बाण जरा तिरपा काढला म्हणून ज्या माणसानं पटवाऱ्याला आदिलाबादहून परत गावाला पाठवलं होतं, तो माझी प्रत्येक सबब तपासल्याशिवाय घेत होता.

फाटकावरून जाणारे लोक विचारत, "गिरदावर साब, बंडी दिसत नाई?"

"उघडली हाय. इंजिनचं काम निंगालं."

"मोठं हाय का?"

"आता पुरं उघडलं म्हन्ल्यावर मोठंच."

यावर दोन-चार मिनिटं चांगली चर्चा होई. पेन्शनर मित्र आता चहाला आमच्याच शेडमध्ये येऊ लागले, आणि कधीही पाना हातात न धरलेले लोक मला क्लचविषयी सूचना देऊ लागले. आमच्याच गल्लीत एक निवृत्त मास्तर आहेत. बाबांहून लहान. त्यांच्या मुलांनी त्यांच्या भल्यासाठी त्यांची स्कूटर विकून टाकली. त्या दिवसापासून लोक त्यांना भेटले की तब्येत कशी आहे असं विचारतात. बाबांना लोक बंडी कशी आहे असं विचारत होते. हा फरक मला तेव्हा नुसता दिसत होता. बाबांना तो पुरता कळलेला होता.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी मी लवकर शेडकडं गेलो तर बाबा आधीच आत होते. ठोकळ्यांवरच्या सांगाड्यावर बसले होते. चाकं नाहीत, इंजिन नाही, टाकी नाही. दोन्ही हात हँडलवर आणि नजर समोर पत्र्यावर. मी आवाज न करता मागे फिरलो.

त्या दिवशी कॉलेजात माझं कशात लक्ष लागलं नाही. वाटलं, आपण आणि आई मिळून हे काय चालवलंय. पडेल माणूस, पडला तर उचलू. ज्यानं आयुष्यभर सगळ्यांची जमीन मोजली त्याला स्वतःची गाडी मागायला लावायची आणि आपण रिंगा मिळत नाहीत म्हणायचं. आईला न सांगता मी ठरवलं की बकरी जोडून द्यायची.

मग मी खरंच कामाला लागलो आणि माझ्या लक्षात आलं की मनापासून केलं तर हे काम तितकं अवघड नव्हतं. सिलिंडर आणला, रिंगा बसवल्या, इंजिन चढवलं, चाकं लावली. सळईचा पायठेवा तसाच ठेवला, अध्यक्षांची क्षमा मागून. बाबा रोज येऊन बसत होते, पण बोलणं कमी झालं होतं. मला वाटलं, आनंदानं गहिवरले असतील. इतिहासाचे प्राध्यापक पुराव्याशिवाय असे निष्कर्ष काढतात.

शेवटी कार्बोरेटर जोडायला घेतला तर त्यातलं जेट नव्हतं. जेट म्हणजे पितळेचा एक बारीक स्क्रू, ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा, मधून केसाएवढं भोक. त्यातून मोजकं पेट्रोल इंजिनात जातं. ते नसेल तर बाकी सगळी गाडी म्हणजे बसायला एक अवघड बाक.

मी लुगडं झटकलं. शेड झाडली. लोहचुंबक फिरवला आणि मग आठवलं की पितळ चिकटत नाही. बाबाही शोधायला लागले. टॉर्च घेऊन, कंबर वाकवून, कोपऱ्याकोपऱ्यात, अगदी रीतसर.

"पडलं असन कुठीतरी," ते म्हणाले.

"परवा तर इथंच वाटीत होतं."

"घूस नेते. चमकणारं नेते ते."

"घूस पितळ खाते का, बाबा?"

"खात नाई. नेते."

मी म्हणालो, जाऊ दे, माझ्या गाडीचं काढून लावू, एकच आहे. बाबा एकदम ताठ झाले. "नोको. एकीसाठी दुसरी काऊन उघडतं? चालून राह्यलेली हाय ते." मग जरा सावकाश म्हणाले, "त्या शेराच्या लोकाह्यले विचारून पा न. तुले ढाल देल्ली त्याह्यनं. एखांदं जेटबी देतीन."

चार दिवस असे गेले. आम्ही दोघं सकाळी थोडा वेळ शोधायचो आणि मग चहा प्यायचो.

पाचव्या की सहाव्या दिवशी दुपारी मी शेडमध्ये एकटा होतो. आई ओल्या हातानं आली. मूठ पुढे करून उघडली.

"हे पा. त्याह्यच्या शर्टाच्या खिशात निंगालं. दाताचं हाय का काही?"

तळहातावर जेट होतं, साबणानं लखलखीत झालेलं.

"दाताचं नाही, आई. बकरीचं आहे."

"मंग खिशात कसं आलं?"

 ती बाबांच्या खुर्चीवर बसली. जेट तिनं बोटांत धरून उजेडाकडं केलं, भोकातून पाहिलं.

"मागंबी निंगालं होतं एक दिवस," ती म्हणाली. "पांढऱ्या शर्टातून. मले वाटलं शर्टाचंच असन काही. म्या परत ठेवून देल्लं. आज निळ्यातून निंगालं."  "म्हंजे रोज इकडून तिकडं घालते का तो?"

"दिसतंय तसं."

"याच्याबिगर चालत नाई बंडी?"

"नाही."

"मंग त्याह्यले चालवाचीच नाई."

बाहेर कोणीतरी फाटकाशी बाबांना विचारत होतं की बंडीचं कुठवर आलं, आणि बाबा सांगत होते की सगळं झालं, एक पार्ट भेटून नाई राह्यला. आवाजात चांगली खंत होती. आई ते ऐकत होती. सांगाड्यावर बसलेले बाबा मला पुन्हा डोळ्यांसमोर आले आणि त्या सकाळी ते काय करत होते याविषयी माझं मत बदललं. गाडीवर पुन्हा बसता येईल का, याची ती परीक्षा असावी, आणि निकाल त्यांनी स्वतःपुरता लावून टाकला असावा.

"भीती वाटते म्हनाव न मंग," आई म्हणाली. "मले सांगाव. लग्नाले पंचावन वर्सं झाले."

"तू त्यांना सांगितलंस का, तुम्ही गाडी चालवू नका म्हणून?"

तिनं पदरानं हात पुसले. हसू आलं होतं ते पुसण्यात गेलं. मग उठली.

"दे इकडं ते."

"कुठं नेतेस?"

"शर्ट वाळला का इस्त्री करून खिशात ठेवते. नाईतर शोधत बसन दिवसभर, अन् विचारता बी नाई येनार बिचाऱ्याले."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आले तेव्हा मी बकरीच्या क्लचचं झाकण उघडून बसलो होतो.

"आता हे काऊन उघडलं?"

"आवाज येत होता जरा."

जे इंजिन अजून एकदाही चालू झालं नव्हतं त्याचा आवाज मला कसा आला, हे त्यांनी विचारलं नाही. खुर्ची ओढून बसले. निळ्या शर्टाला कडक इस्त्री होती. बराच वेळ त्यांनी क्लचच्या प्लेटा एकेक करून पुसल्या आणि मग म्हणाले, "आवाज असन त पाह्यलंच पाह्यजे. घाई नोको करू."

"घाई नाही."

"रिंगाबी पुन्यांदा पाहून घेजो."

"पाहतो."

असं ते मिटलं. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. घरात मात्र एक हलकेपणा आला, आणि आई आता चहा घेऊन शेडमध्ये यायला लागली. वास सवयीचा होतो म्हणाली.

ज्वारी हुरड्यावर आली तेव्हा तामसीहून बाबांच्या चुलतभावाचा निरोप आला. बाबा दरवर्षी जातात आणि दरवर्षी बकरीवरून जात. आई म्हणाली, बसनं जा.  बाबा जेवण झाल्यावर शेडमध्ये आले आणि माझ्या गाडीभोवती एक फेरी मारून उभे राहिले.

"हे मागं वजन घेऊन कधी चालवून पाह्यली का तू?"

"नाही. एकट्यानंच."

"मंग कायची चालवली. रानातली बंडी हाय. मागं वजन टाकल्याबिगर समजत नाई तिचं."

"कोणाला बसवू मागं?"

त्यांनी शेडमध्ये इकडंतिकडं पाहिलं, जणू माणसं रांगेत उभी होती. "आता घरात कोन खाली हाय? मीच बसतो."

माझ्या आठवणीत बाबा कधी कोणाच्या मागे बसलेले नाहीत. तहसीलदारांच्या जीपमध्येसुद्धा ते पुढे बसत. रविवारी सकाळी आईनं त्यांच्या कानाला मफलर बांधला. गाठ दोनदा सोडून पुन्हा मारली. मला म्हणाली, "हळू." त्यांना म्हणाली, "धरून बसाल."

"मले नोको सांगू," बाबा म्हणाले. "मी वजन हाओ."

कॉलनीतून बाहेर पडेपर्यंत त्यांनी मागची लोखंडी जाळी धरली होती. रेल्वेचे रूळ ओलांडताना गाडी उसळली आणि त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर आला. मला वाटलं, रस्ता सपाट झाला की ते तो काढून घेतील. रस्ता सपाट झाला. त्यांनी काढला नाही.

दोन्ही बाजूंना वेचून झालेला कापूस होता, काळपट बोंडांत कुठं कुठं राहिलेलं पांढरं. मध्ये तुरीच्या ओळी. बाबा कानाशी बोलत होते. हे शेत कोणाचं, ते कोणाला गेलं, या विहिरीवरून कोण कोणाशी बोलायचं थांबलं. मधूनच "गेअर" म्हणायचे आणि मी गिअर बदलायचो, बदलायची गरज नसली तरी. एका पुलाशी बैलगाडीवाल्यानं त्यांना ओळखलं आणि हात वर केला. बाबांनी खांद्यावरचा हात न काढता दुसरा वर केला. मी काही मोठा चालवणारा नाही. त्या दिवशी मात्र अंड्यांची टोपली नेत असल्यासारखा चालवत होतो. मागं वजन घेऊन गाडी कशी जाते ते पाहायचं होतं. वजन फार नव्हतंच. चढावर मला ते कळलं, आणि वळणावर पुन्हा कळलं. मग मी हळू चालवण्याचं कारण बदललं. तामसी लवकर येऊ नये असं वाटत होतं.

हुरडा झाला, जवसाची चटणी झाली, बाबांनी चुलतभावाच्या बांधाविषयी मत दिलं आणि ते कोणाला पटलं नाही. चार वाजता निघायला म्हणून मी गाडीला किक मारली. गाडी चालू झाली नाही. प्लग काढला, पुसला, लावला. चुलतभावाच्या मुलांनी शेताच्या वाटेनं ढकलून पाहिली. बाबा बाजेवर बसून शांतपणे बघत होते आणि मला वाटतं, बंडी माझीही अडते हे पाहून त्यांना बरं वाटत होतं. अखेरीस गाडी गोठ्यात, म्हशींच्या शेजारी लावली. समारंभात गौरवलेली, ढाल मिळवलेली गाडी ती.

आम्ही फाट्यावर येऊन बस धरली. आमच्याकडं बायकांना आता सरकारी बसला तिकीट लागत नाही, त्यामुळे बस भरलेली होती. कंडक्टरनं बाबांना पाहिलं आणि "कूर्चो ताता", म्हणजे बस आजोबा, म्हणत एका मुलाला उठवून त्यांना खिडकीजवळ बसवलं. मी आदिलाबादपर्यंत उभा होतो.